रात्री काय केलंत? (रोजच्या जेवणाचा धागा)

मेतकूटभात

सणावारी काय केलं ते सगळेच सांगतात. मला कुतूहल आहे ते मंगळवारच्या रात्रीचं. नोकरीवरून, क्लासवरून, शेतावरून दमून आल्यावर साडेसात वाजता ओट्यापाशी उभं राहून माणसं नक्की काय रांधतात? तेच इथे लिहायचं. जे खरंच ताटात होतं तेवढंच. फोटो नसला तरी चालेल, पण प्रमाण आणि युक्ती असेल तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यात दिवसभर पिरपिर चालू आहे, त्यामुळे सालीच्या मुगडाळीची खिचडी, कढी आणि भाजलेला पोह्याचा पापड. खिचडीला मी आंबेमोहोराची कणी वापरते. अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त पडते आणि खिचडी छान आसट होते. एक वाटी कणी, पाऊण वाटी डाळ, पाच वाट्या गरम पाणी. फोडणीत मिरी, लवंग, हिंग, हळद, बस्स. गोडा मसाला घातला की तिचा मसालेभात व्हायला लागतो, तो वेगळा दिवस.

कढीसाठी ताक आंबट हवं. साधारण लिटरभर ताकाला दोन मोठे चमचे बेसन, तेही ताक थंड असतानाच रवीने घुसळून. गॅसवर ठेवल्यापासून डाव हातातून सोडायचा नाही, आणि कड वर यायला लागली की बंद. खळाखळा उकळली की फुटलीच. तुपाची फोडणी, जिरं, चार मेथीदाणे, आलं, मिरची, कढीपत्ता. मीठ शेवटी.

चला, पुढचं पान कुणाचं?

एकशेगडी

मी हिंजवडीत पेइंग गेस्ट. एक इंडक्शन, एक तीन लिटरचा कुकर, एक कढई. आज कुकरमध्ये खाली डाळ, वर डब्यात भात. डाळीतच टोमॅटो, कांदा, चिंच, तिखट, मीठ सगळं टाकतो म्हणजे नंतर काम नको. पण डाळ काही केल्या गळत नाही. सहा शिट्ट्या केल्या तरी दाणा दाणा वेगळा. डाळ जुनी असेल का? दुकानदार शपथेवर नवी म्हणतोय.

परीक्षानळी

दुकानदारावर आळ घेऊ नका, चिंच आणि टोमॅटो आधी घालताय ते थांबवा. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळतं तेव्हा डाळ गळते. आंबट पाण्यात ते विरघळायला फार वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे आमसूल, चिंच, टोमॅटो नेहमी डाळ शिजून घोटल्यावर.

दुसरं, तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. त्यातलं कॅल्शियमही तोच उद्योग करतं. पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात डाळ शिजवून बघा. अर्धा तास आधी भिजवा, चिमूटभर हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळे कारंजे उडत नाही. अगदीच अडलं तर खाण्याचा सोडा, पण खरंच चिमूटभर. जास्त झाला तर डाळीला साबणासारखी चव येते.

आज आमच्याकडे: फोडणीचं वरण, भात, तोंडलीची काचऱ्या भाजी.

चारीठाव

धाग्याचा विषय चांगला, पण पहिल्याच प्रतिसादापासून घसरण दिसते आहे. खिचडी हे आजाऱ्याचं किंवा प्रवासातून आल्यावरचं खाणं. जेवण म्हणजे ताट. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात आणि पोळी. आमच्याकडे आज वरण-भात, पोळ्या, चणाडाळ घालून दुधी, दाण्याचं कूट लावलेली काकडीची कोशिंबीर, लसणीची चटणी, ताक. साधंच. पण ताट भरलेलं.

आठबारा_फास्ट

काका, ताट वाचून बरं वाटलं. आता एवढंच सांगा, हे केलं कोणी? :)

मी डोंबिवलीला उतरते तेव्हा पावणेआठ झालेले असतात. रिक्षाची रांग वेगळी. डावी बाजू, उजवी बाजू सोडा, मधली बाजू झाली तरी मी देवापुढे साखर ठेवते.

आज मटकीची उसळ आणि पाव. उसळ वीस मिनिटांत होते कारण निम्मं काम रविवारी झालेलं असतं. कांदा-सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण घालून वाटण करते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एका उसळीला तीन-चार वड्या. वाटताना पाणी कमीत कमी, नाहीतर तेलात टाकल्यावर अर्धं स्वयंपाकघर तडतडतं.

मटकी सकाळी भिजवायची, रात्री उपसून पंचात घट्ट बांधून डब्यात ठेवायची. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड तयार. वर कापड कोरडं पडलं तर पाण्याचा हबका. मोड आले की फ्रीजमध्ये, नाहीतर वास मारते. मटकी कुकरला लावू नका हो, लगदा होतो. कढईत झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून, ते गरम झालेलं पाणी उसळीत. दाणा बोटांत चेपला जाईल पण मोड तुटणार नाही इतपत.

भरडा

काहून हो काका, एका पातेल्यातलं जेवण म्हणजे जेवण नाही काय? या आमच्या अमरावतीले, गोळा भात खाऊ घालतो, मग बोला.

चणाडाळीचा भरडा घ्यायचा. बारीक बेसन नको, जाडसर दळलेला. त्यात तिखट, हळद, धणे-जिरे पूड, मीठ, ओवा, सढळ हातानं तेलाचं मोहन. पाण्याचा नुसता हात लावून गोळे वळायचे, लिंबाएवढे. भात अर्धा शिजला, वर थोडं पाणी दिसते तेव्हा गोळे त्याच्यावर ठेवून झाकण, आच बारीक. वाफेनं भात बी शिजते आणि गोळे बी. मग ताटात भात, त्याच्यावर गोळा कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी. संगे चिंचेचं सार. तेलात कंजुषी करणाऱ्यानं हा पदार्थ करू नये, घशाखाली उतरत नाही.

चारीठाव

@आठबारा_फास्ट, प्रश्नातली खोच समजली. पोळ्या आणि भाजी आमच्या मंडळींनी केली. डावी बाजू माझ्याकडे असते. कोशिंबीर चोचवून मीच करतो.

आठबारा_फास्ट

चटणी बरणीतून, लोणचं बरणीतून, लिंबू फ्रीजमधून. कष्ट आहेत खरे. हलकेच घ्या, काका.

वाशिष्ठी

चिपळूणला पाऊस म्हणजे काय ते पुण्याच्या पिरपिरीवाल्यांना काय कळणार!

आमच्याकडे सध्या रानभाज्यांचे दिवस. आज टाकळा केला, आठळ्या घालून. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची, फुलावर आलेला टाकळा कडू लागतो. उन्हाळ्यात फणस खाल्ले तेव्हाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवलेल्या आहेत. त्या उकडून, वरचं पांढरं साल काढून चार तुकडे. कांदा, हिरवी मिरची परतायची, आठळ्या, मग चिरलेला टाकळा. सुरुवातीला टोपलीभर दिसतो, शिजल्यावर वाटीभर होतो, त्यामुळे मीठ भाजी बसल्यावरच. शेवटी ओलं खोबरं. सोबत तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं.

परवा फोडशी आणली होती. दिसायला गवत. तिच्या जुडीत प्रत्येक रोपाच्या मधला पांढरा कडक दांडा काढून टाकावा लागतो. तो राहिला की दोरा चावल्यासारखं होतं. भिजवलेली मुगडाळ घालून झकास होते. निवडायला मात्र घरातली सगळी माणसं बसवा.

आठबारा_फास्ट

वाशिष्ठीताई, शेवळं? आमच्याकडे स्टेशनबाहेर आदिवासी बायका जूनमध्ये घेऊन बसतात. मला करायची आहेत पण खाज सुटते म्हणून धीर होत नाही. आता हंगाम गेला, पण पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा.

वाशिष्ठी

शेवळं विकत घेताना त्याच बाईकडून काकडंही घ्यायची. छोटी, हिरवी, आंबट फळं असतात. शेवळं आणि काकडं एकत्रच विकतात, उगाच नाही. काकडं नसतील तर चिंच किंवा आंबोशी चालते, पण आंबट हे हवंच, आणि बऱ्यापैकी. हाताला तेल लावून वरची आवरणं सोलायची, आतल्या दांड्याचा खालचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. काकडं ठेचून त्यांचा रस घालूनच शिजवायचं. अर्धवट शिजलेलं शेवळं खाऊ नये, घसा धरतो. आमच्याकडे वाल घालून करतात. सीकेपी मंडळी सोडे किंवा कोलंबी घालतात, आणि त्यांची चांगली होते हे मी नाइलाजाने कबूल करते.

परीक्षानळी

खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. अळू, सुरण, शेवळं, सगळ्यांत तेच. अळूच्या फदफद्यात चिंच घालतो ती याच कारणाने.

उत्तरध्रुव

नमस्कार मंडळी. मी स्वीडनमध्ये, योतेबोरीला. इथे जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे "रात्री काय केलं" याला "उन्हात काय केलं" म्हणा. आज बटाट्याची पातळ भाजी आणि ज्वारीची भाकरी असा बेत होता. भाजी झाली. भाकरीचे मात्र थापतानाच कडेला तडे, उचलायला गेलं की दोन तुकडे. पीठ इथल्या दुकानातलं, पाकिटावर ज्वारीच लिहिलंय. आईला फोन केला तर ती म्हणते "गरम पाणी घाल". घातलं. तरी तेच. शेगडीही काचेची आहे, जाळ नाही. कुणी नीट सांगेल का? आई "अंदाजाने" या शब्दापलीकडे जात नाही.

शाळू

ताई, मी सोलापूरचा, हे माझं काम. निवांत वाचा.

आधी पीठ. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळं ओढून धरणारं काही नसतंय. जे काही धरतंय ते पिठाचं चिकटपण, त्याला आमच्याकडं विरी म्हणतात. दळून जास्त दिवस झाले की विरी जाते. पाकिटातलं पीठ कधी दळलं ते कुणाला ठाऊक? त्यामुळं इथं आम्ही पंधरा दिवसांचंच दळण आणतो. तुमच्याकडं घरात मिक्सर असेल आणि अख्खी ज्वारी मिळत असेल तर थोडी दळून बारीक चाळणीनं चाळून बघा. नाहीतर पाकीट लहान घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

ज्वारीतही फरक असतोय. आमच्याकडची रब्बीची, मालदांडी. पांढरी, टपोरी, भाकरी मऊ आणि गोडसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. बाहेरच्या देशातलं पीठ बऱ्याचदा वेगळ्याच वाणाचं आणि रवाळ असतंय, ते केकबिस्किटासाठी दळलेलं असतंय.

आता विरी गेलेल्या पिठाला उपाय म्हणजे उकड. नुसतं गरम पाणी घालून भागत नाही. एक वाटी पाणी पातेल्यात ठेवा, चिमूट मीठ. खळखळून उकळी आली की गॅस बंद करून सव्वा वाटी पीठ एकदम टाका, उलथण्याच्या दांड्यानं हलवा, झाकण ठेवा. दहा मिनिटं विसरून जा. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुलतोय आणि चिकट होतोय, हीच तुमची विरी परत आणायची वाट.

मग परातीत घेऊन गरम असतानाच मळायचं. सगळं एकदम मळू नका. एका भाकरीपुरतं घ्या आणि तळहाताच्या टाचेनं रगडा, पाण्याचा हात लावत लावत. एका भाकरीला दोन मिनिटं तरी रगडलं पाहिजे. नवीन बायका इथंच घाई करतात, आणि नवीन पुरुष तर फारच. गोळा करून अंगठ्यानं दाबा. कडेला चीर पडली तर अजून मळा. नाही पडली की थापायला घ्या. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, आणि बोटांनी थापताना भाकरी फिरत राहिली पाहिजे. फिरायची थांबली की खाली चिकटली समजा. सुरुवातीला लहानच करा, पुरीपेक्षा थोडी मोठी. उगा ताटाएवढी करायचा हट्ट नको.

तवा चांगला तापलेला. कोरड्या पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, सगळीकडं सारखा. ते पाणी सुकत आलं, पण अजून थोडी ओल दिसतेय तेव्हा उलटा. पाणी पूर्ण वाळू दिलंत तर वर भेगा पडतात, आधी उलटलंत तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजून झाली की पहिली बाजू जाळावर. फुगली पाहिजे.

जाळ नसेल तर काय करायचं ते मला ठाऊक नाही, आमच्याकडं जाळच जाळ आहे.

तिरफळ

@उत्तरध्रुव, काचेच्या शेगडीवर माझी बहीण तव्यावरच भाकरी उलटून सुती फडक्याने कडा दाबते, वाफ आत फिरते आणि फुगते. किंवा ओव्हनचं वरचं ग्रिल पूर्ण तापवून त्याच्याखाली अर्धा मिनिट. लक्ष ठेवून, करपायला वेळ लागत नाही.

आता आमच्या गोव्याचं. मासेमारी बंदी चालू आहे, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे बाजारात चांगले मासे नाहीत आणि जे आहेत त्यांच्या किमती ऐकून भूक मरते. अशा दिवसांत सुक्याचाच आधार. आज उकड्या तांदळाचं शीत (भात), अळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक म्हणजे रस्साभाजी, आणि गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर.

किसमूर सोपी. सुका गालमो निवडून तव्यावर कोरडा भाजायचा, कुरकुरीत होईपर्यंत. गार झाला की हाताने चुरायचा. बारीक कांदा, ओलं खोबरं, तिखट, चिंचेचा कोळ किंवा भिजवलेलं आमसूल, मीठ, वर थोडं खोबरेल तेल. कालवल्याबरोबर खायची. पाच मिनिटांनी मऊ पडते, मग तिच्यात राम नाही. म्हणून शीत वाढून झाल्यावरच कालवायला घ्यावी.

आणि ज्या नावाने मी इथे आलो त्या तिरफळाबद्दल दोन शब्द. बांगड्याच्या हुमणात (नारळाच्या आमटीत) ती घालतात, आतली काळी बी काढून, टरफलं हलकी ठेचून, अगदी शेवटी. वाटणात घालून वाटू नका, कडवट होतं. तिरफळ असलेल्या हुमणात लसूण घालू नये असं माझं मत आहे. भांडायचं असेल त्याने बांगडे घेऊन यावं.

खानदेशी_मिरची

सगळ्यांचं वाचून पोट भरलं, पण मला आज लिहायला लाज वाटत्ये कारण जळगावात राहून भरीत नाही. ते आमच्याकडे थंडीतलं काम. मोठी, हिरवी, पांढरट रेघांची वांगी, ती तुरीच्या नाहीतर कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. आत्ता जुलैत जी वांगी मिळतात त्यांचं भरीत करून बदनामी नको.

त्यामुळे आज शेवभाजी. पाहुणे आले, भाजी संपली, पाऊस पडतोय, या सगळ्याला एकच उत्तर. कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट भाजायचं. करपवायचं नाही, पण भीतही बसायचं नाही. लसूण, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटायचं. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत, मग काळा मसाला, तिखट, मग गरम पाणी. गार पाणी ओतलं की तर्री बसते. दहा मिनिटं उकळू द्या.

शेव जाड, तिखट, भाजीची म्हणून मिळते तीच. नायलॉन शेव घातलीत तर पिठलं होईल. आणि शेव रश्शात पानात वाढायच्या क्षणी. पातेल्यात टाकून ठेवली की रस्सा पिऊन टाकते आणि उशिरा जेवणाऱ्याच्या वाटेला लापशी येते.

एकशेगडी

परीक्षानळी, डाळ गळाली!! चिंच नंतर घातली, पाणी फिल्टरचं. तीन शिट्ट्यांत लोणी. धन्यवाद.

आता पुढचा प्रश्न. भात नेहमी उरतो. रात्रीचा सकाळपर्यंत कुकरमध्येच असतो, सकाळी फोडणीचा भात करून डब्यात नेतो. चालतं ना?

परीक्षानळी

कुकरमध्ये रात्रभर नको, विशेषतः या हवेत. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून "चांगला परतला होता" हा बचाव चालत नाही. जेवण झालं की तासाभरात, फार तर दोन तासांत, पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये. सकाळी एकदाच चांगला वाफवून गरम करायचा, परत परत नाही.

थंड भात फोडणीला चांगलाच, दाणा मोकळा होतो. कांदा, दाणे, हिरवी मिरची, आणि पाण्याचा एक हबका मारून झाकण. वाफ येऊ द्या.

मेतकूटभात

फोडणीचा भात म्हणजे माझा विषय. दही नाही घेतलंत तर सगळं फुकट.

बरं, एक जुना वाद उकरते. आमटीत गूळ. आमच्याकडे चिंच-गूळ आणि गोडा मसाला याशिवाय आमटी नाही. सुपारीएवढा गूळ, कमी नाही, जास्त नाही.

भरडा

वरणात गूळ! बाप्पा! वरण आहे का शिरा?

वाशिष्ठी

आमसूल आणि गूळ. चिंच नव्हे. आमसुलाचा आंबटपणा हळू येतो, चिंच एकदम अंगावर येते. आमसूल उकळी फुटल्यावर, आणि नंतर फार उकळायचं नाही. वर ओलं खोबरं. आणि गोडा मसाला उरल्यासुरल्या उसळीला.

खानदेशी_मिरची

आमच्याकडे फौजदारी डाळ करतात त्यात गूळ घातला तर गुन्हा नोंदवतात.

शाळू

शेंगाची चटणी आणि दही असेल तर आमटी कशी का असेना. आमच्याकडं चटणी मिक्सरला लावत नाहीत, उखळात कुटतात. दाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा वळला पाहिजे. मिक्सरमधली कोरडी पूड होते, ती भाकरीवर थांबत नाही.

चारीठाव

गूळ हवा. या एका मुद्द्यावर माझा मेतकूटभात यांना पाठिंबा. खिचडीचं मत कायम.

उत्तरध्रुव

शाळू दादा! उकड काढली, दहा मिनिटं झाकली, रगडलं. हात दुखतोय. चार भाकऱ्या झाल्या, त्यातल्या दोन अख्ख्या उचलल्या गेल्या. ग्रिलखाली एक फुगली, तिचा व्हिडिओ आईला पाठवला. ती म्हणाली "कड जाड आहे". असो.

सोबत काय केलं तेही सांगते. इथे रुबार्बचे देठ उन्हाळाभर मिळतात, चांगले आंबट असतात. आमच्या इथली मराठी मंडळी अंबाडीच्या जागी ते वापरतात. पालक आणि रुबार्ब एकत्र शिजवून, घोटून, तांदळाच्या कण्या आणि चणाडाळ घालून, वर लसणीची भरपूर फोडणी. अंबाडीची नाही, पण भाकरीबरोबर ज्या जागी आंबट हवं त्या जागी बसते. फक्त देठ घ्यायचे, पानं नाही. पानांत ऑक्झॅलिक आम्ल खूप असतं, ती विषारी आहेत.

शाळू

कड जाड म्हणजे बोटं मधे जास्त आणि कडेला कमी पडतायत. करंगळीकडची बाजू वापरा. दोन अख्ख्या म्हणजे लई झालं ताई, माझ्या पुतणीला महिना लागला.

आठबारा_फास्ट

आज गाड्या उशिरा. घरी आले तर नऊ. शिळ्या पोळ्या होत्या, कुस्करून फोडणीला दिल्या. कांदा भरपूर, दाणे, हळद, थोडी साखर, लिंबू. लेकाने विचारलं रोज का नाही करत. नवरोबांनी ताक केलं, त्यात मीठ, जिरेपूड आणि कढीपत्ता हाताने चुरगळून. चारीठाव काका, आमच्या घरची डावी बाजू आज एवढीच.

भरडा

फोडणीच्या पोळीत साखर? या धाग्यावर गोडाचं काय करावं हो!

चारीठाव

आज आमची मंडळी बहिणीकडे. घरात मी एकटा. पिठलं आणि भात केला. ताटात तेवढंच होतं, कांदा बुक्कीने फोडून घेतला. गुठळी एकही नाही. पीठ पाण्यात कालवून ओतलं नाही, फोडणीत पाणी उकळू दिलं आणि एका हाताने पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने रवी फिरवली. झाकण ठेवून बारीक आचेवर पाच मिनिटं, मधे दोनदा हलवून. कच्चट वास गेला पाहिजे.

आठबारा_फास्ट

काका!! एका पातेल्यातलं जेवण?

चारीठाव

दोन पातेली. भात वेगळा होता.

एकशेगडी

काका, प्रमाण लिहा ना. उद्या करतो. पीठ किती, पाणी किती?

चारीठाव

एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. चौथी वाटी शेजारी गरम करून ठेवायची, लागली तर घालायला. पिठलं पानात येईपर्यंत आळतं, म्हणून गॅस बंद करताना जरा पातळ वाटलं तर घाबरू नका. लसूण ठेचून, चिरून नाही. आणि तुमच्याकडे एकच शेगडी आहे, तर भात आधी करून घ्या.